डब्यातले देव

“मांडीवर,” दांडेकर म्हणाले. “फक्त मांडीवर.”

“पायाशी ठेवलं तर?”

“तान्हं बाळ एसटीत पायाशी ठेवता का तुम्ही?”

मला तेव्हा मूल नव्हतं, आणि दांडेकरांच्या दुकानात उलट प्रश्न विचारायची सोयही नव्हती. मी मान हलवली. काउंटरवर माझ्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या दोन हार्ड डिस्क होत्या. छोट्या पोथीएवढ्या, धातूच्या, खालच्या अंगाला हिरवी पट्टी. परवा रात्री व्होल्टेज अचानक वाढलं आणि माझा कॉम्प्युटर धूर काढून गेला. या दोघी तेवढ्या वाचल्या होत्या.

“आत तबकड्या असतात,” दांडेकर सांगत होते. “एक दणका बसला की आत ओरखडा. मग माझ्याकडे यायचं नाही. आणि या हिरव्या पट्टीला हात लावायचा नाही. अंगातली वीज लागते.”

“माझ्या अंगात वीज?”

“सगळ्यांच्याच असते. काहींच्या जिभेत जास्त.”

त्यांनी दोन्ही डिस्क चंदेरी पिशव्यांत सरकवल्या. “या पिशव्यांतून काढायच्या नाहीत. भोवती फोम. बाहेर टणक डबा. डबा मांडीवर. पोचल्या पोचल्या जोडायच्या नाहीत, अर्धा तास निवू द्यायच्या. ही वायर, हा अडॅप्टर.”

“दुसऱ्या डिस्कवर कॉपी नाही का करून देता येणार?”

“येईल की. पुढच्या गुरुवारी या.”

कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी होता.

त्या डिस्कमध्ये माझ्या मामांचा आवाज होता. सर्जेराव मोहिते हे नाव विटा-आटपाडीकडच्या जुन्या माणसाला विचारा, तो आधी कानाला हात लावेल. मामा कुस्त्यांच्या मैदानात माईकवरून बोलायचे. पैलवान कोण, कुठल्या तालमीचा, कुठल्या डावावर आहे, हे सांगता सांगता ते अशी बहार उडवायचे की कुस्ती रटाळ असली तरी माणूस उठत नसे. तीस वर्षं त्या भागातलं एकही मैदान त्यांच्यावाचून झालं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. आता ते नुसतं फुसफुस बोलत. त्यांचा जन्माचा जोडीदार दौलू हलगीवाला कान पुढे करून ते ऐकायचा आणि मोठ्यानं जगाला सांगायचा.

मामांना पंचाहत्तर पूर्ण होत होती. गावानं सत्कार ठरवला आणि मामा अडून बसले. मामींनी मला फोन केला.

“बाबडे, हे नगंच म्हणत्यात बघ सत्काराला. म्हणं, सगळ्यांनी भाषणं ठोकायची आन म्या मुक्या बैलावानी हात जोडून बसायचं? तू त्या कॅसेटी काम्पुटरात घातल्यात न्हवं? त्येंचा आवाज घिऊन ये बाई. तुझ्या नावावर कबूल झाल्यात. आवाज आला तर स्टेजवर चढीन म्हणत्यात, न्हाईतर रानात जाऊन बशीन.”

बाबडी म्हणजे मी. कागदोपत्री चारुशीला, पण आजोळी ते नाव कुणी घेत नाही.

कॅसेटी होत्या खऱ्या. गावचा स्पीकरवाला रंगनाथ हौसेनं प्रत्येक मैदानाची कॅसेट भरून ठेवायचा. त्यांचं पोतं मी पुण्याला आणलं होतं आणि रोज ऑफिसातून आल्यावर एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली होती. मी कॅसेट लावून स्वयंपाकाला लागायची, त्यामुळे ऐकल्या फारशा नव्हत्याच. काम संपलं त्याच आठवड्यात आमच्या मातोश्रींनी ते पोतं भंगारवाल्याला देऊन एक प्लॅस्टिकचा टब घेतला. “तूच म्हणालीस ना, सगळं आत गेलं म्हणून?” टब अजून आहे. चांगला टिकलाय.

म्हणजे मामांचा आवाज आता जगात त्या दोन डिस्कमध्येच उरला होता.

आईनं लाडवांचा स्टीलचा डबा काढून दिला. जुन्या गादीतला फोम कापून मी तळाला घातला, दोन्ही डिस्क उभ्या ठेवल्या, मध्ये फोम, वर फोम. डबा हलवून पाहिला, आत काही हललं नाही.

“मध्ये एवढी जागा आहे,” आई वाकून बघत म्हणाली, “चार बेसनाचे लाडू आरामात बसतील.”

“आई!”

“अगं, वहिनीच्या घरी नुसता डबा न्यायचा?”

“नुसता नाहीये तो!”

लाडू वेगळ्या पिशवीत गेले. डब्याचं झाकण प्रवासात उघडू नये म्हणून आईनं एक लाल कापड शोधून आणलं आणि डबा त्यात गच्च बांधून वर गाठ मारली. पुढचं सगळं रामायण त्या लाल कापडानं घडवलं.

सकाळी स्वारगेटला विट्याची गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली, डबा मांडीवर घेतला. गाडी सुटायच्या आत एक गृहस्थ कांद्याचं पोतं घेऊन आले आणि जागा नाही म्हणून त्याचं एक टोक निवांतपणे माझ्या डब्यावर टेकवू लागले.

“अहो, नाजूक वस्तू आहे!”

“काय हाय?”

“हार्ड डिस्क.”

“हार्ड हाय म्हणताय आन वर नाजूक म्हणताय,” ते म्हणाले. बाजूचे दोघेतिघे हसले.

तेवढ्यात कंडक्टर आला. “ताई, डबा वर रॅकवर टाका. माणसाला जागा करा.”

“वर नाही ठेवता येणार. दणका बसला तर बिघडेल.”

“स्टीलचा डबा दिसतोय की. त्याला काय धाड भरलीय? द्या इकडं.” त्यानं गाठीला हात घातला. मी डबा पोटाशी घट्ट धरला. मला त्या दोन मिनिटांत समजलं की विट्यापर्यंत मी हार्ड डिस्क, हार्ड डिस्क करत बसले तर मामांचा आवाज कांद्याखाली चिरडून मरेल. कंडक्टरची नजर लाल कापडावर गेली. त्याचा हात थबकला.

“देव हायत व्हय?”

माझ्या तोंडून “हो” निघून गेलं.

आमच्याकडे घरातले देव, म्हणजे चांदीचे टाक, कुलदैवताच्या भेटीला नेतात. ते असेच लाल कापडात बांधून मांडीवर नेतात, वाटेत कुठं जमिनीला टेकवत नाहीत. हे एसटीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कंडक्टरनं चटकन हात काढून कपाळाला लावला. “आधी सांगायचं न्हाई का, ताई? ओ पाव्हणं, ते पोतं उचला आधी. देव हायत.”

कांदेवाल्यानं पोतं उचललंच, वर डब्याला नमस्कार करून माफी मागितली. पुढच्या बाकावरच्यानं पाय आत घेतले. ज्या डब्याला क्षणापूर्वी कुणी विचारत नव्हतं, त्याच्याभोवती वीतभर मोकळी जागा झाली. दांडेकरांनी पाहिलं असतं तर त्यांनी दुकानात लाल कापड विकायला ठेवलं असतं.

माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. हौसाबाई नाव. त्यांनी बसल्या बसल्या डब्याला हात जोडले आणि उलटतपासणी सुरू केली.

“कुणाचं देव गं पोरी?”

“आमचेच.”

“ते झालं. कोण कोण हाय?”

डिस्क दोन होत्या. “खंडोबा,” मी म्हणाले, “आणि भवानी.”

“आन बानू न्हाई?”

“बानू… घरी आहे.”

“एकलीच? भेटीला कुठं नेलं हुतं?”

“पुण्याला,” मी बोलून गेले.

“पुण्याला? पुण्यात कंचा खंडोबा? जिजुरीला म्हण.”

“जेजुरीलाच. मग पुण्यात मुक्काम झाला. त्यांना जरा… बरं नव्हतं.”

“देवास्नी?”

“आमच्या आईला.”

एक थाप लपवायला दुसरी, दुसरीला तिसरी. कात्रजचा घाट चढेपर्यंत माझं एक नवं घराणं, एक गुरव आणि एक नवस तयार झाला होता. हौसाबाई मात्र समाधानानं ऐकत होत्या.

“आन चाललीस कुठं?”

“खंबाळवाडीला. मामाकडे.”

“आगं, म्या बी तिथंच! सर्जेरावाच्या सत्काराला. त्येच तुझं मामा?” त्यांनी माझ्या पाठीत प्रेमानं एक थाप घातली. मी डबा उचलून धरला.

“तुम्ही मामांना ओळखता?”

“तोंड कुठं बघितलंय? कुस्तीच्या फडात बायामाणसं कुठली जायला! आमी आपल्या रानात. पर सर्जेराव बोलाय लागला की कर्ण्यातनं त्येचा आवाज शिवार वलांडून यायचा. खुरपं टाकून समद्या बाया बांधाव जाऊन बसायच्या. मुकादम वरडायचा, आन मग त्यो बी बसायचा. कुस्ती कशी आसती म्या आजून बघितली न्हाई बाई, पर ढाक डाव कसा मारत्यात, इचार, सांगते.”

त्यांनी भर एसटीत मला हातवारे करून ढाक समजावला. मग हात पदरात घेतले.

“आता आवाज गेला म्हणत्यात. मग म्या कशाला चालले? तर म्हटलं, एवढा जलम ऐकलं, एकदा तोंड तरी बघावं.”

डबा माझ्या मांडीवर होता. ज्या आवाजासाठी त्या खुरपं टाकून उठायच्या तो त्यांच्यापासून वीतभर अंतरावर फोममध्ये बसला होता, आणि मला सांगायची चोरी. सांगितलं असतं तर देव गेले असते, आणि कांद्याचं पोतं परत आलं असतं. मला इतकं कसंनुसं झालं की मी त्यांना एक लाडू दिला.

साताऱ्याच्या अलीकडे गाडी हॉटेलाशी थांबली. मला जाऊन येणं भाग होतं. डबा घेऊन उठले, तर हौसाबाईंनी पदर धरला.

“कुठं निगालीस?”

मी करंगळी वर केली.

“देव घिऊन?” त्यांचा चेहरा असा झाला की आजूबाजूची चार माणसं वळून बघू लागली. “आगं, काय अक्कल हाय का न्हाई? दे हिकडं.”

हार्ड डिस्क असती तर नेली असती. देवांना मोरीत नेता येईना. मी डबा त्यांच्या मांडीवर दिला आणि “उघडू नका हं, उघडू नका,” म्हणत पळाले. आयुष्यात इतक्या लवकर कुठून परत आले नसेन.

येऊन बघते तर गाठ सुटलेली, झाकण अर्धं सरकवलेलं, आणि हौसाबाईंच्या चिमटीत भंडारा. आणखी एक क्षण गेला असता तर पिवळी हळद फोमच्या फटीतून सरळ आत.

“थांबा!”

त्या दचकल्या. चिमूट त्यांच्या स्वतःच्याच मांडीवर सांडली.

“आगं, दर्शन घेत हुते नुसतं.”

“वाटेत उघडायचे नाहीत. गुरवानं सांगितलंय. घरी नेईपर्यंत ना हळद, ना पाणी, ना हात.”

“आसं बी आसतं?” त्या विचारात पडल्या. “कडक हायत मग.”

“फार कडक.”

त्यांनी झाकण अदबीनं लावलं, गाठ माझ्यापेक्षा चांगली बांधली आणि उरलेला भंडारा माझ्या कपाळाला फासला. मग कनवटीचा मोबाइल काढून त्या कुणाशी तरी बोलल्या. मी डब्याची गाठ तपासत होते, माझं लक्ष नव्हतं. तेवढं द्यायला हवं होतं.

विट्याला उतरून वडापची जीप धरली. जीपमध्ये माणसं आधीच लोणच्यासारखी भरलेली. ड्रायव्हर मला मागच्या फळीवर कोंबणार तोच हौसाबाई गरजल्या, “देव हायत!” पुढच्या सीटवरचे दोन बाप्ये मुकाट्यानं उतरून मागं लोंबकळले. मी आणि हौसाबाई पुढे.

“सावकाश चालवा,” मी म्हणाले.

“बिनघोर बसा. देव असल्यावर काय व्हतंय?” असं म्हणून त्यानं जी जीप सोडली ती ओढ्यापर्यंत. ओढ्याच्या अलीकडे एक खड्डा होता. तो त्याला दिसला, पण उशिरा. जीप उडाली, आम्ही उडालो, आणि डबा माझ्या हातातून सुटून वर गेला.  खाली येताना डब्याला चार हात लागले. एक माझा, दोन हौसाबाईंचे आणि एक मागून आलेला, कुणाचा ते मला आजतागायत कळलेलं नाही. डबा अलगद मांडीवर बसला.

ड्रायव्हरचं डोकं टपाला आपटलं होतं. ते चोळत त्यानं विचारलं, “देव बरं हायत न्हवं?”

मी डबा कानाशी धरून हळूच हलवला. आत शांत होतं. बरे असावेत. उरलेला रस्ता त्यानं जीप बैलगाडीच्या चालीनं नेली.

खंबाळवाडीच्या वेशीत हलगी वाजत होती. सत्काराची तयारी असेल असं मला वाटलं. पण हलगी आमच्याच दिशेनं यायला लागली. पुढे दौलू, मागे पन्नासेक माणसं, आणि सगळ्यांत पुढे मामी, हातात ताट.

“हे काय?” मी हौसाबाईंना विचारलं.

“म्याच फोन केला मघा भाच्याला. देव येत्यात म्हटलं. गावात देव यायचं आन कुणी सामोरं न्हाई जायचं?”

मी जीपमधून उतरायच्या आत “येळकोट येळकोट जय मल्हार” झालं आणि भंडारा उधळला. मी डब्यावर ओणवी झाले. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, पण कापडाच्या आत काही जाऊ दिलं नाही. तशीच वाजतगाजत मला मारुतीच्या पारापाशी नेलं. तिथं मांडव होता, स्टेज होतं, शाळेतले इनामदार सर आपला कॉम्प्युटर आणि रंगनाथचे स्पीकर मांडून माझी वाट बघत होते. आणि एका कडेला खुर्चीत मामा. पांढरा फेटा, इस्त्रीचा सदरा, कपाळाला आठी. ते अजून स्टेजवर चढले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. आणलंस का?

मी मान हलवणार तोच मामींनी पारावर पाट मांडला, पाटावर परात ठेवली, आणि एका हातात पंचामृताची वाटी, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन उभ्या राहिल्या.

“सोड गं कापड. देव लांबनं आल्यात. आधी आंघोळ घालू.”

हौसाबाईंनीच गाठ सोडली. झाकण निघालं, फोम निघाला, आणि त्या चंदेरी पिशव्या उतरत्या उन्हात लखकन चमकल्या.

“चांदीचं हायत!” कुणीतरी मागून ओरडलं. मामींचा तांब्या तिरका झाला.

“नाही!” मी परातीवर आडवी पडले. “मामी, पाणी नको! देव नाहीत! ते देव नाहीत!”

हलगी थांबली.

“मग काय हाय?” मामींनी विचारलं.

“मामांचा आवाज आहे.”

 मी पिवळ्याजर्द तोंडानं, धापा टाकत, कांद्याच्या पोत्यापासून सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू यायला लागलं, कारण समोर हौसाबाई उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

“म्हंजी,” त्या सावकाश म्हणाल्या, “पुण्यापास्नं म्या कुणाच्या पाया पडत आले?”

 सगळे मामांकडे बघू लागले. मामांचे खांदे हलत होते. आवाज नाही म्हणून आधी कळेना, पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी बोटानं दौलूला बोलावलं आणि त्याच्या कानात काही फुसफुसले. दौलूनं हलगीवर एक थाप मारून जाहीर केलं:

“सर्जेराव म्हणत्यात, पोरीनं बराबर केलं. सर्जेरावाचा आवाज म्हणली असती तर कंडक्टरनं टपावर टाकला असता!”

पार हसला. हौसाबाई हसल्या नाहीत. त्या परातीशेजारी फतकल मारून बसल्या. “मला ऐकवा आधी. पडल्याल्या पाया माघारी घ्यायच्या का न्हाई, ते मग ठरवते.”

“अर्धा तास निवू द्यायला सांगितलंय,” मी भीत भीत म्हणाले.

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. शेदोनशे माणसं दोन डिस्ककडे बघत बसली होती. कुणी विडी पेटवली नाही, मामींनी वारा घालायला पंखा आणला आणि इनामदार सरांनी तो नको म्हणून सांगितला. मामांची आठी परत आली होती. खड्डा माझ्या डोक्यातून जात नव्हता. आत ओरखडा पडला असेल तर? मग मामा उठून रानात जातील, आणि मी कुठं जाऊ?

शेवटी सरांनी पहिली डिस्क पिशवीतून कडेला धरून काढली, वायर लावली, अडॅप्टर लावला. डिस्क बारीकशी गुणगुणू लागली. पडद्यावर कॅसेटींची नावं आली. सरांनी समोर दिसली ती पहिली लावली.

आधी खरखर. मग गर्दीचा गलका. मग दूरवर हलगी. आणि मग:

“…आरं बसा! बसा खाली! मागच्यास्नी दिसत न्हाई. आता बघा, डावीकडं चिंचणीचा गडी, अंगानं बारका पर मनानं वाघ! हात घातला, हात घातला पटाला, आन सुटला! सुटला बघा माशावानी! आरं माती लाव हाताला, लोणी लावून आलायस का काय…”

पारावर एकच कल्ला उठला. “सर्जेराव! सर्जेराव!” आणि मामा खुर्चीतून उठले. कुणाचा हात न धरता स्टेजच्या पायऱ्या चढले, बंद माईकसमोर जाऊन उभे राहिले, डावा हात कमरेवर, उजवा हवेत. स्पीकरमधून आवाज येत होता आणि मामांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. एक शब्द मागं नाही, एक शब्द पुढं नाही. त्यांना सगळं पाठ होतं. हौसाबाई तोंडावर पदर धरून बघत होत्या. आवाज आणि तोंड त्यांनी पहिल्यांदाच एके ठिकाणी पाहिलं.

कुस्ती रंगात आली होती, आणि मधेच स्पीकरमधला आवाज थांबला.

“जरा थांबा पैलवान. धरून ऱ्हावा तसंच. एक सूचना हाय. एक बारकी पोरगी हरावलीय.”

स्टेजवर मामांचे ओठही थांबले. हे त्यांना पाठ नव्हतं.

“तीन वर्साची. फुलाफुलांचा फ्राक हाय, एका पायात चप्पल हाय. नाव चारुशीला. पर त्या नावानं हाक मारू नगा, वळून बघायची न्हाई. बाबडी म्हणा. माझी भाची हाय.” आवाज जरासा कापला, मग सावरला. “ज्येला सापडंल त्येनं तिला चालवत आणू नगा, गर्दी लई हाय. खाली ठेवू नगा. आपटू नगा. हाताहातानं, वरच्या वर, जपून हिकडं पाठवा. तवर कुस्ती व्हणार न्हाई. सांगून ठिवतो.”

मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. फेटेच फेटे खालून जातायत आणि मी वरून कुठंतरी निघालेय, एवढंच एक चित्र लहानपणापासून डोक्यात होतं. ते स्वप्न असेल असं मी धरून चालले होते.

स्पीकरमध्ये गलका वाढत गेला. “आली, आली! मागच्या बाजूनं येतीया. आरं जपून! त्या पाव्हण्याकडं द्या… हां… आता हिकडं… आली! आली बघा माझी बाबडी! दौलू, वाजीव रं!”

कॅसेटमधल्या दौलूनं हलगीवर थाप टाकली आणि पाराखालच्या म्हाताऱ्या दौलूनं, कुणी न सांगता, तीच थाप टाकली.

मी स्टेजच्या खाली उभी होते. मामा माईकपाशी उभे होते. त्यांचे ओठ हलले. या वेळी कॅसेटबरोबर नाही, आपले आपण. दौलू वाजवण्यात दंग होता, त्यामुळे त्यांनी काय म्हटलं ते कुणी जगाला सांगितलं नाही. मला मात्र ते दिसलं. “आली.”

पायांवर एकदम गार पाणी पडलं म्हणून मी दचकून खाली बघितलं. मामी तांब्या घेऊन खाली बसल्या होत्या, आणि शेजारी बसून हौसाबाई आपल्या हातानं माझ्या पावलांवरचा भंडारा धूत होत्या.

“अहो, हे काय करताय?” मी पाय मागे घेतला.

“गप उभी ऱ्हा,” हौसाबाई म्हणाल्या. “देवासाठी काढल्यालं पाणी हाय. माघारी वतत नसत्यात.”